जुने ईपीएबीएक्स सुरू होत नाही, तेव्हा...

शनिवारी सायंकाळपर्यंत व्यवस्थित चालणारी कार्यालयाची दूरध्वनी यंत्रणा सोमवारी सकाळी अचानक मुकी होते. ऑपरेटरच्या टेबलावरील दिवे विझलेले असतात, एकाही एक्स्टेन्शनवर टोन नसतो आणि भिंतीवरच्या पेटीकडे पाहणाऱ्या प्रत्येकाचे मत एकच असते, की आता ही यंत्रणा संपली. पंधरा-वीस वर्षे विनातक्रार सेवा दिलेल्या ईपीएबीएक्सविषयीचा हा निष्कर्ष पुष्कळदा घाईचा ठरतो. कारण बंद पडतो तो बहुतेक वेळा यंत्राचा वीजपुरवठा. यंत्राचा मेंदू शाबूत असतो. मात्र त्या घाईत केलेल्या खटपटींमुळे जे कायमचे नष्ट होऊ शकते, ते म्हणजे यंत्राच्या स्मृतीत वर्षानुवर्षे साठत गेलेली मांडणी. म्हणूनच बिघाड शोधण्याचा क्रम ठाऊक असणे आणि आपण कोठे थांबावे हे कळणे, या दोन्ही गोष्टी महत्त्वाच्या आहेत.

भारतात इलेक्ट्रॉनिक ईपीएबीएक्स छोट्या कार्यालयांपर्यंत पोहोचले ते १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात. १९८४ मध्ये स्थापन झालेल्या ‘सी-डॉट’ या सरकारी संस्थेने येथील उष्णता, धूळ आणि अनियमित वीज गृहीत धरून एक्स्चेंज विकसित केली आणि ते तंत्रज्ञान देशी उत्पादकांना दिले. त्यानंतरच्या दोन दशकांत बँका, रुग्णालये, शाळा, हॉटेल, कारखाने आणि गृहनिर्माण संस्थांमध्ये अशा पेट्या भिंतींवर चढल्या. त्यांपैकी अनेक आजही कार्यरत आहेत. त्या बसविणारे तंत्रज्ञ निवृत्त झाले, काही उत्पादकांनी त्यांचे सुटे भाग बनविणे थांबविले, परंतु पेटी चालू असल्याने तिच्याकडे कोणाचे लक्ष गेले नाही. हे दुर्लक्ष अंगावर येते ते यंत्र बंद पडण्याच्या दिवशी.

आधी संपर्क, मग दुरुस्ती

यंत्र बंद असल्याचे लक्षात येताच पहिला विचार दुरुस्तीचा नव्हे, तर संपर्काचा करावा. रुग्णालयात परिचारिकांच्या कक्षापासून शस्त्रक्रियागृहापर्यंतचे इंटरकॉम याच यंत्रावर असतात. इमारतीत लिफ्टमधील फोन आणि सुरक्षारक्षकाची चौकीही त्यालाच जोडलेली असते. लिफ्टमध्ये अडकलेला माणूस फोन उचलून पाहील आणि पलीकडे शांतता असेल, ही शक्यता गृहीत धरून लिफ्टमध्ये व चौकीवर मोबाइल क्रमांक ठळक अक्षरांत लावावा.

अनेक ईपीएबीएक्समध्ये ‘पॉवर फेल ट्रान्सफर’ नावाची सोय असते. यंत्राची वीज गेली, की आतील रिले खाली पडतात आणि बाहेरून येणारी एखादी लाइन ठरावीक एक्स्टेन्शनला थेट जोडली जाते. ते एक्स्टेन्शन कोणते, हे कार्यालयात सहसा कोणालाही ठाऊक नसते. सर्व साधे फोन एकेक करून उचलून पाहावेत. एखाद्यावर बाहेरचा टोन मिळू शकतो. तो न मिळाल्यास तंत्रज्ञ बाहेरील लाइनची जोडी यंत्रापासून सोडवून साध्या टेलिफोनला थेट जोडू शकतो. येथे एक बदल लक्षात घ्यावा लागेल. तांब्याच्या तारेवरील लाइनला दूरध्वनी केंद्रातील बॅटरीकडून वीज मिळत असे, त्यामुळे घरची वीज गेली तरी साधा फोन चालू राहत असे. आता अनेक ठिकाणी ही लाइन फायबरवरून येते आणि तिचे मोडेम आपल्याच इमारतीतील विजेवर चालते. ते मोडेम बंद असेल, तर ईपीएबीएक्स निर्दोष असूनही बाहेरची लाइन मृतच दिसेल.

पेटीच्या आत काय असते?

निदान समजण्यासाठी रचनेचा ढोबळ परिचय पुरेसा आहे. भिंतीतून येणारी २३० व्होल्टची वीज प्रथम पॉवर सप्लायमध्ये जाते. तेथे तिचे अनेक पुरवठ्यांत रूपांतर होते : मेंदूच्या कार्डासाठी ५ व्होल्ट, एक्स्टेन्शनच्या तारांवर सोडण्यासाठी लहान यंत्रांत साधारण २४ ते ३० व मोठ्या यंत्रांत ४८ व्होल्ट, आणि घंटी वाजविण्यासाठी सुमारे ७५ व्होल्टचा प्रत्यावर्ती प्रवाह. शेजारी बॅटरी व तिचा चार्जर असतो. मुख्य पट्टीवर कार्डे खोचलेली असतात : एक मेंदूचे, काही बाहेरच्या लाइनची, उरलेली एक्स्टेन्शनची. तेथून निघालेल्या तारांच्या जोड्या एमडीएफवर, म्हणजे बोलीभाषेतील ‘क्रोन बॉक्स’वर येतात आणि पुढे टेबलाटेबलांवर जातात.

या पुरवठ्यांपैकी नेमका कोणता गेला, हे लक्षणांवरून बरेचसे उमगते. एकही दिवा लागत नसेल, तर वीज आतच पोहोचत नाही किंवा संपूर्ण पॉवर सप्लाय बंद आहे. मेंदूच्या कार्डावरील दिवा लुकलुकतो, पण सर्वच फोन निर्जीव असतील, तर ५ व्होल्ट शाबूत असून एक्स्टेन्शनचा पुरवठा गेलेला असण्याचा संभव अधिक. टोन येतो, बोलता येते, पण एकाही फोनची घंटी वाजत नसेल, तर घंटीचा पुरवठा गेला आहे. अशा वेळी ‘यंत्र बंद आहे’ एवढेच न सांगता ही लक्षणे नेमक्या शब्दांत सांगितली, तर तंत्रज्ञ योग्य सुटा भाग घेऊन येतो आणि एक फेरी वाचते.

सुट्टीनंतरच का?

जुनी यंत्रे चालता चालता बंद पडण्यापेक्षा एकदा बंद केल्यावर पुन्हा सुरू न होण्याचे प्रकार अधिक आढळतात. दिवाळीच्या सुट्टीत मेन स्विच बंद ठेवला, विद्युत देखभालीसाठी दिवसभर पुरवठा खंडित झाला, की दुसऱ्या दिवशी हा अनुभव येतो. १२ ऑक्टोबर २०२० रोजी मुंबई, ठाणे व नवी मुंबईचा वीजपुरवठा एकाच वेळी खंडित झाला होता. तत्पूर्वी त्याच वर्षी मार्चमध्ये सुरू झालेल्या टाळेबंदीत असंख्य कार्यालये महिनोन्‌महिने बंद होती. असे प्रसंग जुन्या यंत्रांची खरी परीक्षा घेतात.

याचे कारण एसएमपीएस पद्धतीच्या पॉवर सप्लायच्या घडणीत आहे. हा पुरवठा एकदा चालू झाला, की स्वतःच्याच निर्मितीतून स्वतःचे नियंत्रण करणारे सर्किट चालवितो. परंतु पहिला धक्का देण्यासाठी त्याला एक मोठ्या मूल्याचा रेझिस्टर आणि एक छोटा कपॅसिटर लागतो. वर्षानुवर्षांच्या उष्णतेने रेझिस्टरचे मूल्य वाढते, कपॅसिटरमधील द्रव सुकतो. यंत्र अखंड चालू असेपर्यंत या दोघांचे काम पडत नाही आणि त्यांचा दोषही झाकलेला राहतो. वीज एकदा गेली, की परत येताना पहिला धक्काच मिळत नाही. त्यात थंड अवस्थेत सुकलेल्या कपॅसिटरची कार्यक्षमता आणखी खालावलेली असते. जुन्या यंत्राचे स्विच ‘जरा बंद करून चालू करून पाहू’ म्हणत उगाच दाबू नये, असे जाणकार सांगतात, ते यासाठीच.

उष्णतेचा हिशेबही पाहण्याजोगा आहे. इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरचे आयुष्य तापमानात दर १० अंशांची घट झाली, की साधारण दुप्पट होते, असा अभियंत्यांचा ठोकताळा आहे. १०५ अंश सेल्सिअसला २,००० तास टिकण्याची हमी असलेला कपॅसिटर ६५ अंशांत सुमारे ३२,००० तास, म्हणजे अखंड वापरात साडेतीन वर्षांहून किंचित अधिक टिकेल. तोच ४५ अंशांत सुमारे १,२८,००० तास, म्हणजे साडेचौदा वर्षे टिकेल. जिन्याखालच्या बंद कपाटात, यूपीएसच्या शेजारी, वर जुन्या फायलींचे गठ्ठे रचून ठेवलेले यंत्र आणि हवेशीर खोलीतील यंत्र यांच्या आयुष्यातील फरक हा असा असतो.

हात लावण्यापूर्वी

पेटीचे झाकण उघडण्यापूर्वी काही गोष्टी पक्क्या ध्यानात ठेवाव्यात. पॉवर सप्लायमध्ये येताच २३० व्होल्टच्या विजेचे सुमारे ३२५ व्होल्टच्या एकदिश विजेत रूपांतर होते आणि ती मोठ्या कपॅसिटरमध्ये साठते. प्लग काढल्यानंतरही ती काही काळ तेथेच असते. पुरवठा नादुरुस्त असेल तर अधिक काळ असू शकते. हा धक्का जीवघेणा ठरू शकतो. म्हणून पॉवर सप्लायची स्वतंत्र डबी प्रशिक्षित तंत्रज्ञाशिवाय कोणीही उघडू नये. प्लग काढला तरी बॅटरी जोडलेलीच असते, हेही विसरू नये. बॅटरीचा व्होल्टेज कमी असला, तरी तिच्या दोन टोकांवर पाना किंवा अंगठी टेकल्यास निर्माण होणारा प्रवाह धातू वितळविण्याइतका असतो. क्रोन बॉक्सवर काम करतानाही त्याच क्षणी एखादा कॉल आला, तर घंटीचा ७५ व्होल्टचा झटका बसतो.

दुसरी तयारी कागदावरची. झाकण उघडताच मोबाइलने छायाचित्रे काढावीत : कोणते कार्ड कोणत्या खाचेत, कोणती पट्टी कोठे, छोटे स्विच कोणत्या बाजूला. दोन्ही बाजूंनी बसणारी पट्टी उलटी बसविल्यामुळे धडधाकट कार्ड जळू शकते. छायाचित्राला दोन मिनिटे लागतात. आठवणीवर विसंबणे महागात पडते.

भिंतीपासून यंत्रापर्यंत

तपासणी नेहमी बाहेरून आत करावी. प्रथम त्याच सॉकेटमध्ये टेबल लॅम्पसारखे एखादे साधे उपकरण लावून पाहावे. टेस्टरचा दिवा लागला म्हणजे वीज आहे, असे मानू नये. टेस्टर केवळ फेज दाखवितो. न्यूट्रल तुटलेला असला तरी तो पेटतो. मध्ये स्टॅबिलायझर किंवा यूपीएस असल्यास त्याच्या बाहेर येणारा व्होल्टेज मल्टिमीटरने मोजावा. जुन्या यूपीएसचा दिवा हिरवा असतो आणि बाहेर काहीच येत नसते, हा प्रकार नवा नाही. तात्पुरते यूपीएस वगळून थेट सॉकेटवर यंत्र लावून पाहिल्यास या कडीचा निकाल लागतो.

त्यानंतर फ्यूज. काचेच्या नळीतील तार केवळ मधे तुटलेली दिसत असेल, तर दीर्घकाळचा ताण किंवा वय हे कारण असू शकते. काच आतून काळी वा चंदेरी झाली असेल, तर आत जोरदार शॉर्ट झाला आहे. नवा फ्यूज टाकला तरी तोही त्याच क्षणी उडेल. पुष्कळदा हा शॉर्ट यंत्राच्या रक्षकानेच ओढवून घेतलेला असतो. वीज कोसळताना किंवा व्होल्टेज एकाएकी वाढताना तो झटका स्वतःवर घेणारा व्हॅरिस्टर नावाचा छोटा गोल भाग जळून शॉर्ट होतो आणि फ्यूज उडवून पुढील सर्किट वाचवितो. महाराष्ट्रात पावसाळ्याच्या तोंडावर मे-जूनमध्ये आणि परतीच्या पावसात ऑक्टोबरमध्ये विजांचा कडकडाट अधिक असतो, तेव्हा हा बिघाड प्रथम आठवावा.

फ्यूज बदलताना त्याच अँपिअरचा आणि त्याच प्रकारचा घ्यावा. ‘वरचेवर उडतो’ म्हणून जाड तार गुंडाळणे म्हणजे पुढच्या वेळी फ्यूजऐवजी कपाट पेटण्याची सोय करणे होय. दोन फ्यूज लागोपाठ उडाले, की तिसरा लावू नये. तेथे तपास थांबवून तंत्रज्ञाला पाचारण करावे.

अर्थिंगची तपासणी याच टप्प्यात उरकावी. न्यूट्रल व अर्थ यांमधील व्होल्टेज एक-दोन व्होल्टच्या आसपास असावा. तो वाढून दहा-वीसपर्यंत गेलेला आढळल्यास दोष इमारतीच्या वायरिंगमध्ये आहे आणि तो दूर केल्याशिवाय नवे यंत्र बसविले, तरी त्याची गत तीच होईल. अर्थचा खड्डा उन्हाळ्यात कोरडा पडतो. त्यात पाणी घालण्याची जुनी पद्धत अनेक इमारतींत विस्मृतीत गेली आहे.

बॅटरी : आधार की अडथळा?

बॅटरीचे काम वीज गेल्यावर आधार देण्याचे. पण मृत बॅटरी वीज असतानाही यंत्राला सुरू होऊ देत नाही. आत शॉर्ट झालेली बॅटरी चार्जरचा सारा प्रवाह गिळते, पुरवठा स्वतःला वाचविण्यासाठी बंद होतो आणि बाहेरून पाहणाऱ्याला संपूर्ण यंत्र गेल्यासारखे भासते. म्हणून बॅटरीची जोडणी काढून केवळ मुख्य विजेवर यंत्र सुरू करून पाहणे, ही सर्वांत सोपी आणि फलदायी चाचणी आहे. याच्या उलट, केवळ बॅटरीवर यंत्र सुरू होत नाही म्हणून ते बिघडले असेही मानू नये. अनेक यंत्रे मुख्य वीज आल्याखेरीज सुरूच न होण्याच्या बेताने घडविलेली असतात.

४८ व्होल्टच्या यंत्रात १२ व्होल्टच्या चार बॅटऱ्या ओळीने जोडलेल्या असतात. पूर्ण भरलेली व काही तास विश्रांती घेतलेली अशी बॅटरी १२.६ ते १२.८ व्होल्ट दाखविते. प्रत्येक बॅटरी स्वतंत्रपणे मोजावी. तीन बॅटऱ्या साडेबाराच्या पुढे आणि एकच साडेदहाच्या जवळ असेल, तर तिच्या सहा घरांपैकी दोन व्होल्टचे एक घर निकामी झाले आहे, हे उघड होते. फुगलेली, कडा पांढरट झालेली वा हाताला गरम लागणारी बॅटरी न मोजताच काढावी. देखभालमुक्त समजल्या जाणाऱ्या या बॅटऱ्या प्रत्यक्षात तीन ते पाच वर्षांच्या सोबती असतात. बदलताना चारही एकदमच बदलाव्यात. एका नव्या बॅटरीला तीन जुन्यांशी जुंपल्यास नवीही लवकर म्हातारी होते. धन-ऋण टोकांची खातरजमा दोनदा करावी.

पॉवर सप्लायचे निदान

वीज पोहोचते, फ्यूज शाबूत आहे, बॅटरी काढलेली आहे, तरीही यंत्र सुरू होत नाही. अशा वेळी कान देऊन ऐकावे. टिक... टिक... असा नियमित आवाज येत असेल, तर पुरवठा सुरू होण्याचा प्रयत्न करतो आहे, पण पुढे कोठे तरी शॉर्ट असल्याने स्वतःला थांबवीत आहे. संपूर्ण शांतता असेल, तर दोष बहुधा पुरवठ्यातच आहे.

पहिल्या शक्यतेचा निवाडा करण्याची जुनी रीत अशी : यंत्र पूर्ण बंद करावे, मेंदूचे कार्ड सोडून बाकीची सर्व कार्डे खाचेतून अर्धवट मागे ओढावीत आणि वीज द्यावी. यंत्र सुरू झाले, तर दोष ओढलेल्या कार्डांपैकी एकात आहे. मग एकेक कार्ड परत बसवून पाहावे. प्रत्येक वेळी यंत्र बंद करूनच कार्ड हलवावे, हे वेगळे सांगायला नको. जे कार्ड बसविताच यंत्र पुन्हा गप्प होते, ते दोषी. ते बाजूला ठेवल्यास आठ किंवा सोळा एक्स्टेन्शन बंद राहतील, पण उरलेले कार्यालय बोलू लागेल. एक्स्टेन्शन कार्डाचा दोष काही वेळा कार्डात नसून बाहेरच्या तारेत असतो. पावसाळ्यात गच्चीवरच्या जंक्शन बॉक्समध्ये पाणी शिरून तारा एकमेकींना भिडतात. तेव्हा क्रोन बॉक्सवरून त्या कार्डाच्या जोड्या सोडवूनही एकदा चाचणी घ्यावी.

सर्व कार्डे ओढूनही यंत्र मुकेच राहिले, तर पॉवर सप्लायची डबी काढून दुरुस्तीला द्यावी. माथा फुगलेले किंवा बुडाशी तपकिरी द्रव गळालेले कपॅसिटर हे नेहमीचे दृश्य. पण सुकलेला कपॅसिटर बाहेरून पूर्ण निरोगीही दिसू शकतो. म्हणून चांगला कारागीर डोळ्यांवर विसंबत नाही, ईएसआर मीटरने मोजून पाहतो. मुंबईतील लॅमिंग्टन रोड किंवा पुण्यातील बुधवार पेठ येथे मिळणारे हे भाग किमतीने किरकोळ असतात. मोल असते ते दोष नेमका हुडकण्याचे. कपॅसिटर बदलताना तो १०५ अंशांच्या प्रतीचा घ्यावा आणि एकच न बदलता त्याच वयाचे सर्व बदलावेत.

खरी दौलत : यंत्राची स्मृती

येथवरचे सर्व बिघाड दुरुस्त होण्याजोगे असतात. जे परत मिळत नाही, ते म्हणजे यंत्राचे प्रोग्रामिंग. मूळ कार्यप्रणाली ईप्रॉम किंवा फ्लॅश चिपमध्ये असते आणि ती वीज गेल्याने जात नाही. परंतु कोणाचा एक्स्टेन्शन क्रमांक कोणता, बाहेरचा कॉल आधी कोणाकडे जावा, रात्री कोठे वळावा, कोणाला एसटीडीची मुभा आणि कोणाला नाही, हा सारा तपशील जुन्या यंत्रांत रॅममध्ये असतो आणि तिला जिवंत ठेवते ती मेंदूच्या कार्डावरची छोटीशी बॅटरी. ती पंधरा वर्षांची झाली असेल, तर यंत्र जितका अधिक काळ विजेविना राहील, तितकी स्मृती पुसली जाण्याचा धोका वाढतो. मुख्य वीजपुरवठा लवकर पूर्ववत करणे आणि ही छोटी बॅटरी उगाच न हलविणे, हे दोन्ही त्यासाठीच आवश्यक आहे.

जुन्या कार्डांवर निकेल-कॅडमियमची बॅटरी असेल, तर ती गळून आजूबाजूच्या तांब्याच्या रेषा खाते. हिरवट-पांढरी बुरशी दिसली, तर मेंदू सुरू न होण्याचे कारणच ते असू शकते. मेंदूच्या कार्डावरील दिवा नियमित लुकलुकण्याऐवजी स्थिर राहिला किंवा लागलाच नाही, तर हे कार्ड प्रथम तपासावे. वर्षानुवर्षांच्या दमट हवेने खाचेतील संपर्कबिंदूंवर साका धरतो. यंत्र बंद करून कार्ड काढणे, योग्य द्रावणाने टोके पुसणे आणि पुन्हा नीट बसविणे एवढ्यानेही काही कार्डे सुरू होतात.

‘रीसेट करून पाहा’ हा सल्ला मात्र येथे घातक आहे. अनेक यंत्रांत एक छोटे बटण किंवा स्विच असतो, जो दाबला की सर्व मांडणी कारखान्यातून निघाली तशी होते. यंत्र सुरू होते, टोनही येतो. पण एक्स्टेन्शनचे क्रमांक बदललेले असतात आणि गुप्त संकेतांक सर्वांना ठाऊक असलेला मूळचाच झालेला असतो. त्याहून गंभीर म्हणजे, बाहेरगावच्या व परदेशी कॉलवरील बंधने उठलेली असतात. बाहेरून फोन करून आपल्याच यंत्रातून पुन्हा बाहेर फोन लावण्याची ‘डीसा’ ही सोय मूळ संकेतांकासह उघडी राहिल्यास अनोळखी व्यक्ती आपल्या खर्चाने बोलू शकते. तेव्हा रीसेट हा शेवटचा उपाय. तो करावाच लागला, तर कॉल बंधने व संकेतांक त्याच दिवशी पूर्ववत करावेत.

यंत्र सुरू झाले, की त्याच दिवशी प्रोग्रामिंगची प्रत काढून ठेवावी. त्यातही एक मेख आहे. जुन्या यंत्रांचे प्रोग्रामिंग संगणकाच्या सीरियल पोर्टवरून होते आणि त्याचे सॉफ्टवेअर जुन्या विंडोजवरच चालते. भंगारात निघालेला एखादा जुना संगणक त्यासाठी राखून ठेवला, तर तो पुढे लाखमोलाचा ठरतो. ते शक्य नसल्यास एक्स्टेन्शनची यादी, लाइनचे क्रमांक, बंधने आणि संकेतांक वहीत लिहून ती वही व्यवस्थापकाच्या कपाटात ठेवावी. यंत्राची संपूर्ण मांडणी एकाच तंत्रज्ञाच्या डोक्यात असणे हा कार्यालयाचा सर्वांत मोठा, पण न दिसणारा धोका असतो.

दुरुस्ती की निरोप?

बिघाड पॉवर सप्लाय, बॅटरी किंवा एखाद्या एक्स्टेन्शन कार्डापुरता असेल, तर दुरुस्ती करणे सर्वार्थाने योग्य. मेंदूचे कार्ड गेले असेल आणि नवे मिळत नसेल, तर जुन्या बाजारातून घेतलेले कार्ड काही काळ काम भागवील. मात्र त्यातील कार्यप्रणालीची आवृत्ती आपल्या यंत्राशी जुळते का, हे पाहूनच पैसे द्यावेत. वर्षात दोनदा बंद पडलेले, सुटे भाग दुर्मीळ झालेले आणि ज्यावर रुग्णांची किंवा रहिवाशांची सुरक्षितता अवलंबून आहे, असे यंत्र मात्र पुढचा बिघाड होण्याआधीच बदलणे शहाणपणाचे.

बदलतानाही सर्व काही उखडण्याची गरज नसते. नव्या आयपी पद्धतीच्या यंत्रणेला ॲनालॉग गेटवे जोडून जुन्या तारा व साधे फोन वापरात ठेवता येतात. पण आयपी फोन नेटवर्क स्विचकडून वीज घेतात, तेव्हा तो स्विच, राउटर आणि फायबरचे मोडेम या तिघांनाही यूपीएसचा आधार हवा. अन्यथा वीज जाताच नवी यंत्रणाही जुनीइतकीच मुकी होईल. काढलेल्या शिसे-आम्लाच्या बॅटऱ्या विक्रेत्याकडे परत द्याव्यात आणि यंत्र अधिकृत ई-कचरा पुनर्वापर केंद्राकडे सोपवावे. बॅटरी कचऱ्याविषयीचे २०२२ चे नियम आणि १ एप्रिल २०२३ पासून अमलात आलेले ई-कचरा नियम यांचा रोख तोच आहे. भंगारवाल्याच्या हाती जाण्यापूर्वी यंत्रातील क्रमांकांच्या नोंदी पुसाव्यात.

यंत्र चालू आहे तोवर वर्षातून एकदा, शक्यतो मे महिन्यात, तंत्रज्ञाच्या उपस्थितीत ते तपासून घ्यावे : प्रथम प्रोग्रामिंगची प्रत, मग धूळ, अर्थिंग, प्रत्येक बॅटरीचा व्होल्टेज आणि पॉवर फेलच्या वेळी चालणारा फोन. त्या फोनवर लाल चिकटपट्टी लावावी आणि तो कोणता, हे रखवालदारापासून व्यवस्थापकापर्यंत सर्वांना सांगून ठेवावे.